हिवाळ्यातील त्वचेची निगा : थंडीपेक्षा कोरडी हवा अधिक त्रासदायक

बंगळुरूचा हिवाळा उत्तर भारताच्या तुलनेत सौम्य मानला जातो. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या या शहरात डिसेंबर व जानेवारीत रात्रीचे तापमान साधारणपणे १५ ते १६ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. १३ जानेवारी १८८४ रोजी नोंदले गेलेले ७.८ अंश हे येथील नीचांकी तापमान आहे. असे असूनही ओठ उलणे, टाचांना भेगा पडणे, नडग्यांवर पांढुरके खवले दिसणे व रात्री अंगाला खाज सुटणे या तक्रारी येथे दर हिवाळ्यात उद्भवतात. मुंबई किंवा कोकणातील दमट हवेतून नोकरी-शिक्षणानिमित्त येथे आलेल्या मराठी कुटुंबांना हा फरक विशेष जाणवतो.

याचे मुख्य कारण थंडी नसून हवेतील कोरडेपणा हे आहे. त्वचेच्या सर्वांत बाहेरील थराची रचना भिंतीसारखी असते. मृत पेशी या तिच्या विटा, तर त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्ये हा त्या विटांना सांधणारा चुना होय. हवेतील बाष्प घटले की या थरातील पाणी वेगाने उडून जाते आणि तो आक्रसून तडकू लागतो. बंगळुरूत नोव्हेंबरपर्यंत परतीच्या पावसाचा ओलावा टिकतो. त्यानंतर मात्र पठारावरील हवा कोरडी होत जाते व फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारची सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास येते. त्यामुळे संक्रांतीनंतर थंडी ओसरली, तरी त्वचेची काळजी घेणे थांबवू नये.

कोरड्या हवेच्या जोडीला स्नानाच्या सवयीही त्वचेची हानी करतात. कढत पाण्यात त्वचेतील स्निग्धता निघून जाते. म्हणून पाणी कोमट असावे व स्नान पाच ते दहा मिनिटांत आटोपावे. नेहमीचा साबण अल्कधर्मी असतो, तर निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते. त्यामुळे सर्वांगाला साबण चोळण्याऐवजी काखा, जांघा व पावले यांपुरताच त्याचा वापर करावा.

पाण्याचा प्रकारही महत्त्वाचा आहे. कावेरी पाणीपुरवठा योजनेच्या पाचव्या टप्प्याचे उद्घाटन १६ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. दररोज ७७.५ कोटी लिटर क्षमतेचा हा टप्पा शहरात समाविष्ट झालेल्या ११० गावांसाठी आखण्यात आला. तरीही अनेक वसाहतींत कूपनलिकेचे किंवा टँकरचे पाणी वापरले जाते. कूपनलिकेच्या जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे साबणाला फेस कमी येतो आणि त्याचा चिकट थर अंगावर राहतो. अशा ठिकाणी साबण कमी वापरून अंग नीट धुणे हिताचे ठरते.

स्नानानंतर अंग टॉवेलने टिपून, त्वचा ओलसर असतानाच तीन मिनिटांच्या आत मॉइश्चरायझर लावावे. त्यातील ग्लिसरीन पाणी धरून ठेवते, तर पेट्रोलियम जेली त्याचे बाष्पीभवन रोखते. महागड्या प्रसाधनांची आवश्यकता नसते. खोबरेल तेलही उपयुक्त आहे. कोकणात टाचांच्या भेगांवर कोकमाच्या बियांचे तेल, म्हणजेच भिरंडेल, कोमट करून लावण्याची जुनी पद्धत आहे. हवा थंड असली तरी दुपारचे ऊन प्रखर असते. त्यामुळे बाहेर पडताना चेहरा व हात झाकावेत किंवा सनस्क्रीन लावावे.

मधुमेही व वयोवृद्ध व्यक्तींनी अधिक दक्षता बाळगणे आवश्यक आहे. मधुमेहात मज्जातंतूंना इजा झाल्यास पावलांना घाम येत नाही व संवेदनाही कमी होते. परिणामी टाचेची खोल भेग लक्षात येत नाही आणि तिच्यातून जंतुसंसर्ग होऊन जखम चिघळू शकते. अशा रुग्णांनी दररोज पावले तपासावीत, मात्र बोटांच्या बेचक्यांत मलम लावू नये.

खाजेवर औषधांच्या दुकानातून परस्पर मलम आणणे धोक्याचे आहे. अशा अनेक मलमांत स्टिरॉइड असते. त्याच्या दीर्घकाळ वापराने त्वचा पातळ होते, तसेच नायट्याची लक्षणे झाकली जाऊन तो पसरतो. केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्वचेवर लावावयाच्या अनेक स्टिरॉइड औषधांचा समावेश अनुसूची ‘एच’मध्ये केला असून ती डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता येत नाहीत.

घरातील एकाहून अधिक व्यक्तींना रात्री खाज सुटत असल्यास व बोटांच्या बेचक्यांत पुरळ दिसत असल्यास ती खरूज असू शकते. तसेच, नियमित निगा राखूनही दोन आठवड्यांत आराम न पडल्यास, भेगांतून रक्त किंवा पू आल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.