पोलादी की प्लॅस्टिकचं?

हॉलिवूडच्या पडद्यावर आणि ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये रंगणारी पिस्तुलांची जुगलबंदी. पण खरा किस्सा घडतोय आपल्या खान्देशात!

लंच टाइमला हा विषय कधी ना कधी निघतोच. कुणीतरी आदल्या रात्री 'जॉन विक' पाहिलेला असतो, कुणी बीजीएमआयमध्ये रात्र जागवलेली असते. मग डबा बाजूला राहतो आणि दोन पार्ट्या पडतात. एक 'क्लासिक'वाली. यांना पिस्तूल म्हणजे जडशीळ, काळंनिळं पोलाद आणि त्यावर लाकडाची मूठच हवी. दुसरी 'मॉडर्न'वाली. यांचा देव एकच, ग्लॉक! मधल्यामध्ये एखादी मैत्रीण विचारते, "पण प्लॅस्टिकचं पिस्तूल फुटत नाही का रे?" आणि दोन्ही पार्ट्या गप्प.

प्रश्न मात्र सॉलिड आहे. मी जळगावची, आजोळ धुळ्याचं. एका शहराचं पोट प्लॅस्टिकवर चालतं, दुसऱ्यात राज्य राखीव दलाचा गट सहा आणि पोलीस प्रशिक्षण केंद्र. म्हटलं, याचं उत्तर आपल्याच गावात शोधू या.

पोलादाचा रुबाब

आधी क्लासिकवाल्यांची बाजू. त्यांचा सुपरस्टार म्हणजे कोल्ट १९११. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन अवलियाचं डिझाइन. नावातच वर्ष आहे, त्या वर्षी अमेरिकन लष्कराने ते स्वीकारलं आणि थेट १९८५ पर्यंत मुख्य पिस्तूल म्हणून वापरलं. रिकामं असतानाच वजन १.१ किलो आणि मॅगझिनमध्ये गोळ्या फक्त सात.

याच ब्राउनिंगने सुरू केलेलं आणि त्याच्या मृत्यूनंतर बेल्जियमच्या एफएन कंपनीने १९३५ मध्ये पूर्ण केलेलं दुसरं पिस्तूल म्हणजे हाय-पॉवर. हे तर आपल्या घरचंच! पश्चिम बंगालमधल्या इशापूर रायफल फॅक्टरीत बनणारं 'पिस्तूल ऑटो ९ एमएम १ए' हे त्याचंच भारतीय रूप. लष्कर आणि पोलीस दोघांच्याही कमरेला ते वर्षानुवर्षं लटकलं. मॅगझिनमध्ये १३ गोळ्या, वजन किलोच्या आसपास.

पोलीस खात्यातून रिटायर झालेल्या माझ्या धुळ्याच्या मामांना मी मोठ्या उत्साहाने विचारलं, कसला फील असेल ना? मामा हसले. "अगं, मे महिन्यात बंदोबस्ताला बारा तास ते कमरेला बांधून उभी राहा, मग सांग फील." खान्देशातला मे म्हणजे ४५ अंशांच्या पुढची बात. घामाने पट्टा भिजतो, मिठाने लोखंड गंजतं, म्हणून ड्युटी संपली की चिंधी आणि तेल घेऊन बसायचं. पण मामांनीच पुढे हेही सांगितलं की नेम धरताना हेच वजन कामाला येतं. जड पिस्तूल हातात कमी उसळतं आणि दुसऱ्या गोळीच्या वेळी लवकर ठिकाणावर येतं.

पडद्याच्या रॉडवाला माणूस

आता मॉडर्न पार्टी. पॉलिमरच्या सांगाड्याचं पहिलं पिस्तूल ग्लॉकचं, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. जर्मनीच्या हेक्लर अँड कॉख कंपनीने १९७० मध्येच 'व्हीपी ७०' बाजारात आणलं होतं. ते फारसं चाललं नाही, एवढंच.

चाललं ते गॅस्टन ग्लॉकचं. हा ऑस्ट्रियन माणूस पडद्याचे रॉड, सुऱ्या आणि सैनिकांची खोदायची फावडी बनवायचा. पिस्तूल त्याने आयुष्यात बनवलेलं नव्हतं! १९८० मध्ये ऑस्ट्रियाच्या लष्कराला नवं पिस्तूल हवंय असं कळलं, तेव्हा त्याने जाणकारांना बोलावून विचारलं की तुम्हाला नेमकं काय हवंय? आणि मग इंजेक्शन मोल्डिंगचं स्वतःचं ज्ञान पणाला लावलं. १९८२ मध्ये मोठमोठ्या कंपन्यांना मागे टाकून ऑर्डर त्याने खिशात घातली. डिसेंबर २०२३ मध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी तो गेला तेव्हा त्याचं पिस्तूल जगभरच्या पोलिसांकडे पोचलेलं होतं. आपल्या एनएसजीचे कमांडोही ग्लॉक वापरतात.

ग्लॉक १७ चं रिकामं वजन साधारण ६२५ ग्रॅम. म्हणजे १९११ पेक्षा जवळपास अर्धा किलो कमी, आणि गोळ्या १७. गंजायचा त्रास कमी, सुटे भाग मोजके. हाताने लावायचा वेगळा सेफ्टी खटका नाही. ट्रिगर दाबला की आतले तीन सेफ्टी लॉक क्रमाने उघडतात, सोडला की परत लागतात. ऐकायला मस्त. पण याचाच दुसरा अर्थ असा की बोट चुकीच्या वेळी ट्रिगरवर गेलं, तर थांबवणारं दुसरं काही नाही.

जळगावकराला हे लगेच कळतं

आता मैत्रिणीचा प्रश्न. फुटत नाही का?

जळगाव म्हटलं की बाहेरच्यांना सोनं आणि केळी आठवतात. पण एमआयडीसीत जा, तिथे प्लॅस्टिकचं राज्य आहे. घराघरात अंथरलेली प्लॅस्टिकची चटई इथली. भवरलाल जैन यांनी १९८० च्या सुमारास पीव्हीसी पाइपचं उत्पादन सुरू केलं, पुढे ठिबक सिंचन आलं आणि शेतातला लोखंडी पाइप मागे पडला. योगायोग बघा, त्याच काळात तिकडे ऑस्ट्रियात पिस्तुलातलं पोलाद मागे सरकत होतं.

एमआयडीसीत मोल्डिंगचं काम करणाऱ्या माझ्या शाळेतल्या मित्राने गणित दोन मिनिटांत सोडवलं. "पाइपात पाण्याचा दाब पाइपलाच सोसावा लागतो. तुझ्या पिस्तुलात गोळीचा दाब कोण सोसतो, ते आधी बघ ना भो."

करेक्ट! ९ एमएमची गोळी उडते तेव्हा नळीतला दाब चौरस इंचाला ३५,००० पौंडांपर्यंत जातो. तुमच्या कारच्या टायरमध्ये असतो ३२-३३ पौंड. म्हणजे हजारपट! हा दाब पेलतात ती नळी आणि तिला बंद ठेवणारी वरची स्लाइड. ग्लॉकमध्ये हे दोन्ही भाग पोलादाचेच आहेत. पॉलिमरचा आहे तो खालचा सांगाडा, म्हणजे मूठ आणि ट्रिगरचं घर. तोही घरातल्या बादलीच्या प्लॅस्टिकचा नव्हे. नायलॉनच्या जातीचं भक्कम पॉलिमर, आणि स्लाइड जिथे घासते तिथे पोलादी पट्ट्या बसवलेल्या.

म्हणूनच 'ग्लॉक एअरपोर्टच्या एक्स-रेत दिसत नाही' हा फंडा निव्वळ फेकाफेकी. १९९० च्या 'डाय हार्ड २' ने ती अफवा घराघरात पोचवली. प्रत्यक्षात त्या पिस्तुलाच्या वजनात पोलादाचाच वाटा मोठा आहे, त्यामुळे ते आरामात पकडलं जातं.

मग पॉलिमर जिंकलं कशामुळे? मित्राचं उत्तर पुन्हा धंद्याचं. पोलादाचा ठोकळा मशीनवर कोरत बसा, तासन्‌तास जातात आणि निम्मं पोलाद भुग्यात. साचा एकदा बनवायला महाग, पण नंतर धडाधड माल पडतो. बाकी स्टाइल वगैरे नंतर.

आमने-सामने

वजन: दिवसभर वागवायला पॉलिमर, स्थिर नेमाला पोलाद.

ऊन-घाम: पॉलिमरची मूठ ना गंजते, ना उन्हात लोखंडासारखी चटका देते. पोलादाला तेलपाणी लागतं.

ट्रिगर: १९११ चा ट्रिगर हलका आणि नेमका, नेमबाज त्याच्या प्रेमात असतात. ग्लॉकचा साधा, पण दर वेळी सारखाच.

आयुष्य: निगा राखली तर पोलादी पिस्तूल तीन पिढ्या टिकतं. पॉलिमरनेही आता चाळिशी पार केली आहे.

किंमत: इथे साचेवाला जिंकतो.

आणि हो, क्लासिक मेलेलं नाही. एफएनने हाय-पॉवरचं उत्पादन २०१८ च्या सुमारास थांबवलं होतं, ते २०२२ मध्ये नव्या रूपात परत आलं. पोलादीच!

आपल्या अंगणात

खान्देशचा या दुनियेशी संबंध फक्त चटई-पाइपांचा नाही. भुसावळची ऑर्डनन्स फॅक्टरी १९४९ ची, वरणगावची १९६४ ची. रायफलींच्या ५.५६ आणि ७.६२ एमएम गोळ्या वरणगावात बनतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये ऑर्डनन्स बोर्ड बरखास्त होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा वरणगाव पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे गेलं.

धुळ्याहून आग्रा रोडने निघालात तर वाटेत महू लागतं. तिथल्या इन्फन्ट्री स्कूलने पुण्याच्या एआरडीईबरोबर 'अस्मी' ही मशीन पिस्तूल तयार केली. लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांच्या पुढाकाराने, अवघ्या चार महिन्यांत! जानेवारी २०२१ मध्ये ती जगासमोर आली. वरचा भाग विमानात वापरतात त्या दर्जाच्या अॅल्युमिनिअमचा, खालचा कार्बन फायबरचा, ट्रिगरचे भाग थ्री-डी प्रिंटिंगचे. पोलाद की प्लॅस्टिक, हा वादच जुना वाटावा असं प्रकरण.

उमर्टीचं 'क्लासिक'

पण खान्देशात 'पिस्तूल' म्हटलं की कॉलेजच्या पोरांच्या डोळ्यांपुढे यातलं काहीच येत नाही. येतो तो गावठी कट्टा. चोपडा तालुक्याच्या टोकाला, सातपुड्यात उमर्टी आहे. हद्दीपलीकडे मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यात पार उमर्टी. पिढ्यान्‌पिढ्या लोखंड घडवणाऱ्या कारागिरांची वस्ती आणि तिथल्या बेकायदा भट्ट्यांमधून राज्यभर जाणारी पिस्तुलं, हे दुखणं जुनं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे कारवाईला गेलेल्या चोपड्याच्या पोलीस पथकावर हल्ला झाला, एका अधिकाऱ्यालाच पळवून नेलं गेलं. काही तासांनी त्यांची सुटका झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर पुणे पोलिसांचं पथक तिथवर पोचलं आणि भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. कारण? पुण्याच्या गल्ल्यांत सापडणाऱ्या पिस्तुलांचा माग तिकडे जात होता.

हा मालही दिसायला 'क्लासिक'च असतो. सगळा धातूचा, वर विदेशी नाव कोरलेलं. फरक कुठे? त्या ३५,००० पौंडांत! कारखान्यातली नळी ठरावीक दर्जाच्या पोलादाची असते, तिच्यावर उष्णतेची प्रक्रिया होते. मग नेहमीपेक्षा जास्त दाबाची गोळी उडवून तिची परीक्षा घेतात आणि पास झाली तरच शिक्का बसतो. भट्टीतल्या नळीची पहिली परीक्षा घेतो तो ती विकत घेणारा, स्वतःच्या पंजात धरून. मामांनी नोकरीत बोटं गेलेली पोरं पाहिली आहेत. त्यांच्या लेखी पोलाद-पॉलिमर हा वादच नाही. "शिक्का आहे का? आणि लायसन आहे का?" एवढे दोनच प्रश्न.

दुसरा प्रश्न तर जास्तच महागात पडतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. विनापरवाना साधं पिस्तूल बाळगलं तरी किमान दोन वर्षं, कमाल पाच. ९ एमएमसारख्या प्रतिबंधित बोअरचं असेल तर किमान सात वर्षं, कमाल चौदा. बेकायदा बनवणं-विकणं, किमान सात ते जन्मठेप. वरातीत हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. इन्स्टावर पंधरा सेकंदांचं रील टाकायचं आणि त्याच रीलवरून पोलिसांनी दारात यायचं, याला स्टाइल म्हणायचं?

एव्हाना ग्लॉकवाल्यांच्या लक्षात आलं असेल. ९ एमएम प्रतिबंधित बोअर आहे, त्यामुळे नेटवर बघितलेलं ते देखणं ग्लॉक १७ तुमच्या-माझ्यासारख्याला परवान्यावरही मिळत नाही. सर्वसामान्यांचा परवाना प्रामुख्याने पॉइंट ३२ सारख्या बोअरचा. तो देणार जळगाव-धुळ्यात जिल्हाधिकारी, पुण्यात पोलीस आयुक्त, तेही जिवाला धोका आहे हे पटलं तर. सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर काढलं होतं. टायटॅनिअम मिश्रधातूचं, फक्त ५०० ग्रॅम. किंमत मात्र १,२२,३६० रुपये! तेव्हाच्या माझ्या वर्षभराच्या फीपेक्षा किती तरी जास्त.

हौसेला मोल आहे, पण...

मग हौस भागवायची कुठे? रेंजवर! १० मीटर एअर पिस्तूल हा प्रकार त्यासाठीच आहे. कमाल वजन दीड किलो, ट्रिगरवर किमान ५०० ग्रॅम दाब, आणि एका हाताने नेम. २०१८ च्या एशियाडमध्ये आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २५ मीटर पिस्तूलमध्ये सोनं जिंकलं, एशियाडमध्ये नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. पॅरिसमध्ये २०२४ ला मनू भाकरने १० मीटरमध्ये ब्राँझ घेतलं. हात थरथरतो, श्वास चुकतो, दहाच्या जागी सात लागतात. पिस्तूल कसलं आहे यापेक्षा ते धरणारा किती शांत आहे, हे तिथे पहिल्याच तासाला समजतं.

तेव्हा पुढच्या लंच टाइमला वाद जरूर घाला. रुबाबाला पोलाद, सोयीला पॉलिमर, मॅच टाय! पण त्याच टेबलावर कुणी हळूच म्हणालं, "माझ्या ओळखीत एक आहे, स्वस्तात मिळवून देतो," तर समजा की विषय पिस्तुलाचा राहिलेला नाही. तो तुमच्या बोटांचा आणि पुढच्या काही वर्षांचा झालाय. डबा उचला आणि सरळ टेबल बदला.