अल्कधर्मी आहार आणि आमच्या रानभाज्या

‘अल्कधर्मी आहार’ हे शब्द मी प्रथम ऐकले ते माझ्या मामांच्या तोंडून, दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात. मामा खेड-शिवापूरजवळच्या एका कारखान्यात नोकरीला आहेत आणि त्यांना मधुमेह आहे. मोबाईलवर कुणीतरी पाठविलेली एक यादी त्यांनी मला दाखविली. यादीच्या एका बाजूला ‘आम्लधर्मी’ पदार्थ होते: भात, गहू, डाळी, मांस, अंडी. दुसऱ्या बाजूला ‘अल्कधर्मी’: पालेभाज्या, काकडी, लिंबू, फळे, आणि भोरच्या बाजारात ज्यांची नावेही कुणी ऐकलेली नाहीत अशा दोन-तीन परदेशी भाज्या. रक्त आम्लधर्मी झाले की रोग होतात, ते अल्कधर्मी केले की रोग जातात, असे खाली लिहिलेले होते.

परदेशी भाज्या मिळेनात, तेव्हा मामांनी आमच्या आजीकडे मोर्चा वळविला. आजी वेल्हे तालुक्यातल्या (शासनदरबारी आता ‘राजगड’ तालुका) एका वाडीत राहते. पहिल्या पावसानंतर तिच्या परड्यात आणि बांधावर कुर्डू, टाकळा, फोडशी, माठ, भारंगी असा पाला उगवतो. मामा दर रविवारी पिशवी भरून नेऊ लागले आणि तो पाला कच्चाच वाटून, गाळून, सकाळ-संध्याकाळ पेलाभर रस पिऊ लागले. भाकरी आणि आमटी बंद झाली. पुढे जे झाले ते ओघात सांगेनच; परंतु त्या यादीत खरे किती आणि खोटे किती, हे शोधण्याची खटपट मी त्यानंतर केली. तीच येथे मांडते.

आधी एक कोडे. लिंबू जिभेला आंबट लागते, निळा लिटमस कागद तांबडा करते, म्हणजे ते सरळसरळ आम्ल. मग ते यादीत अल्कधर्मी कसे? याचे उत्तर आमच्या भागातल्या शेतकऱ्याला पटकन समजेल, कारण त्याला राख ठाऊक आहे. वेल्हे, भोर, मुळशी, मावळ या पट्ट्यात भात व नाचणीच्या रोपांसाठी राब भाजतात. उन्हाळ्यात वाफ्यावर शेण, पालापाचोळा, वाळक्या फांद्या पसरून जाळतात आणि पाऊस लागला की त्यात बी फेकतात. येथील धो-धो पावसाने जमिनीतले क्षार वाहून जातात आणि जमीन आम्लधर्मी होते; राखेतील पोटॅश त्यावर थोडाफार उतारा देते. शेतकी खात्याच्या भाषेत, जमिनीचा ‘सामू’ वाढतो. ‘अल्कली’ हा शब्दसुद्धा मूळचा अरबी, आणि त्याचा संबंध वनस्पतींच्या राखेशीच आहे.

एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या प्रारंभी शास्त्रज्ञांनी अन्नाचाही असाच विचार केला. अन्न शरीरात ‘जळते’, तेव्हा मागे राहणारी राख कोणत्या जातीची? भाज्या व फळे जाळली तर पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांची अल्कधर्मी राख उरते. मांस, अंडी, धान्ये, डाळी यांच्या प्रथिनांत गंधक असते, त्यामुळे त्यांची बाकी आम्लाकडे झुकते. लिंबातले सायट्रिक आम्ल शरीरात जळून जाते आणि त्याच्या क्षारांपासून बायकार्बोनेट तयार होते, म्हणून जिभेला आंबट असलेले लिंबू हिशेबात अल्कधर्मी ठरते. फ्रेंच शास्त्रज्ञ क्लॉड बर्नार यांच्या सशांची गोष्ट येथे आठवते. गवत खाणाऱ्या सशाची लघवी अल्कधर्मी असायची. त्यांनी सशांना उपाशी ठेवले तेव्हा ती आम्लधर्मी झाली. उपाशी ससा स्वतःचेच मांस जाळत होता! येथपर्यंत यादी चुकलेली नाही.

ती चुकते ती पुढच्या पायरीवर. बदलते ती लघवी, रक्त नव्हे. निरोगी माणसाच्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या चिंचोळ्या मर्यादेत राहतो आणि तो तेथे ठेवण्याचे काम फुप्फुसे व मूत्रपिंडे अहोरात्र करतात. आम्ल वाढले तर श्वासावाटे कार्बन डाय-ऑक्साईड बाहेर जातो, उरलेले मूत्रपिंड लघवीत टाकते. लघवीचा सामू साडेचारपासून आठपर्यंत खुशाल खालीवर होतो, तो रक्ताचा होऊ नये म्हणूनच. मामांनी औषधाच्या दुकानातून रंगीत पट्ट्यांची डबी आणली होती. रोज सकाळी पट्टी निळसर झाली की ते आनंदाने आम्हाला दाखवीत. पट्टी खरेच बोलत होती; पण ती सांगत होती एवढेच, की मूत्रपिंडे आपले काम करीत आहेत.

हा भ्रम केवळ आपल्याकडचाच नव्हे. अमेरिकेत रॉबर्ट यंग नावाच्या गृहस्थांनी २००२ साली या विषयावर पुस्तक लिहिले, ते खूप खपले. असाध्य रोगाचे लोक त्यांच्याकडे येऊ लागले. २०१६ साली कॅलिफोर्नियातील न्यायालयात ते विनापरवाना वैद्यकीय व्यवसाय केल्याबद्दल दोषी ठरले आणि पुढे तुरुंगात गेले.

अर्थात पालेभाजीचा पुरस्कार करणारे सगळेच तसे नव्हेत. आपल्या पुणे जिल्ह्याला निसर्गोपचार नवा नाही. महात्मा गांधींनी १९४२ साली आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात असताना आरोग्यावर पुस्तक लिहिले आणि १९४६ साली उरुळीकांचन येथे निसर्गोपचार आश्रम सुरू केला. साधे, ताजे, जवळपास पिकणारे अन्न खावे, ही शिकवण आजही कुणी खोडून काढलेली नाही. भाजीपाल्यात तंतू असतात, जीवनसत्त्वे असतात, पोटॅशियमने रक्तदाबाला मदत होते, आणि युरिक आम्लाचे मुतखडे होणाऱ्यांना लघवी अल्कधर्मी ठेवण्याचा खरोखर उपयोग होतो. भाजी खाण्याला कारणे पुष्कळ आहेत. रक्त ‘अल्कधर्मी करणे’ हे मात्र त्यांपैकी नव्हे.

आता मामांची हकिकत. यादीवर त्यांचा विश्वास इतका बसला, की श्रावणात त्यांनी मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या. मामींनाही सांगितले नाही. गणपतीत त्यांना उलट्या सुरू झाल्या, थकवा आला, आणि पुण्याला रुग्णालयात दाखल करावे लागले. साखर भलतीच वाढली होती. शिवाय वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने मूत्रपिंडे थोडी अधू झाली होती, हे तेव्हाच कळले. आणि अशा मूत्रपिंडांना कच्च्या पाल्याच्या रसातले पोटॅशियम बाहेर टाकणे झेपेना. रक्तात पोटॅशियम फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात. मामा बचावले. तेथील आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितले, “पालेभाजी थोडीच खा, आणि खायची तेव्हा चिरून भरपूर पाण्यात उकळा. ते पाणी फेकून द्या.”

मी हे आजीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “अगं पोरी, मंग नवं काय सांगितलं? भारंगीचं पाणी कोण ठेवतंय? वतूनच द्यायचं आसतं.”

आजीचे हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. यादीत लिहिले होते की भाजी शिजवू नका, सत्त्व जाते. आजीच्या रीतीत मात्र प्रत्येक भाजीचा वेगळा कायदा आहे. कुठली उकळून पिळायची, कुठली नुसती वाफवायची, कुठलीत आंबट घालायचे, हे सारे तिला पाठ. ‘क’ जीवनसत्त्व उकळण्याने कमी होते हे खरे. पण अनेक पालेभाज्यांत ऑक्झॅलेट असते, ते कॅल्शियमला धरून ठेवते व मुतखड्याला हातभार लावते, आणि त्याचा बराच भाग उकळलेल्या पाण्याबरोबर निघून जातो. अळूत तर त्याच्या सुईसारख्या कणांनी घसा खाजतो. म्हणून चिंच किंवा आमसूल घातल्याशिवाय अळूचे फदफदे आमच्याकडे होत नाही. भाजी हिरवीगार राहावी म्हणून काहीजण उकळताना खायचा सोडा टाकतात. अल्क म्हणाल तर तो शुद्ध अल्क. पण ‘ब१’ व ‘क’ जीवनसत्त्वांचा तो नाश करतो.

भारंगीची कोवळी पानेच घ्यावीत. बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळावीत, पाणी ओतून पाला घट्ट पिळावा. फार कडू असेल तर हेच पुन्हा एकदा. तेलात लसूण व कांदा परतून त्यात भिजविलेली हरभऱ्याची डाळ किंवा सोललेले वाल शिजवून घ्यावेत, मग पाला, तिखट, मीठ आणि सुपारीएवढा गूळ. वरून ओले खोबरे. किंचित कडूपणा राहतो, तो राहूच द्यावा.

फोडशीला काही लोक कुलू म्हणतात. ती गवतासारखी दिसते, म्हणून मुळाजवळच्या पांढऱ्या भागातली माती तीन-चार पाण्यांनी धुवावी आणि मधला कडक दांडा काढून टाकावा. हिचे पाणी टाकायचे नाही. भरपूर कांद्यावर भिजविलेली मुगाची डाळ घालून वाफेवरच शिजते. कुर्डू फुलावर येण्याआधी खुडावा, उकडून पिळून, लसूण-मिरचीच्या फोडणीत परतावा. टाकळ्याचेही तेच, जून झाला की वास उग्र येतो.

या सगळ्यांबरोबर नाचणी हवीच. यादी काहीही म्हणो, शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. आंबिलीसाठी नाचणीचे पीठ रात्री पाण्यात कालवून ठेवतात. सकाळी त्याला आंबूस वास येतो. उकळत्या पाण्यात मीठ, ठेचलेला लसूण व जिरे टाकून ते पीठ हलवीत ओततात, दाट होईपर्यंत ढवळतात. आंबविल्यामुळे धान्यातली खनिजे शरीराला अधिक मिळतात. ताक घालणारे घालतात, पण त्यावाचून अडत नाही.

एक सूचना. अलीकडे ऑगस्टमध्ये कृषी खात्याचे रानभाजी महोत्सव भरतात, त्यामुळे पुण्याहून हौशी मंडळी राजगड-तोरण्याच्या वाटेवर पाला खुडताना दिसतात. त्याच कुंपणात कळलावीही उगवते आणि ती विषारी आहे, तिचा कंद तर फारच. भाजी ओळखणाऱ्या बाईला सोबत घ्यावे, तिच्याकडून विकत घेतली तर आणखी चांगले.

मामा आता गोळ्या नेमाने घेतात. गेल्या पावसाळ्यात ते वाडीवर आले तेव्हा आजीने नाचणीची भाकरी आणि मुठीएवढीच कुर्डूची भाजी त्यांच्या ताटात वाढली. अजून थोडी मागितली, तर तिने दिली नाही.