डावा हात वर करा

आमच्या घरात दुखणं सांगायची पद्धत नाही. आजी दाढेत लवंग धरून सगळा स्वयंपाक करायची, पण कुणाला कळू द्यायची नाही. मीही तिचाच नातू. सराफ्यात कुल्फी खाताना खालच्या उजव्या दाढेतून कळ गेली, तर मी डावीकडून खायला लागलो. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत याला ‘वर्कअराउंड’ म्हणतात. तो चार महिने चालला आणि एका रात्री गाल सुजला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. ओठ बधिर झाला, दाढ मात्र नाही. मी खुर्ची घट्ट धरून गप्प. शेवटी त्यांनीच थांबून विचारलं, "दुखतंय ना? मग सांगत का नाही? डावा हात वर करा, मी लगेच थांबेन."

पुढच्या वेळी कळ आल्यावर मी हात वर केला. त्यांनी दाढेजवळ आणखी औषध दिलं, थोडा वेळ थांबले. मग काहीच दुखलं नाही.

असं का झालं, ते नंतर समजून घेतलं. हे औषध म्हणजे लिग्नोकेन, १९४३ मध्ये स्वीडनमध्ये तयार झालेलं. सोडियमचे कण नसेत शिरले की वेदनेचा संदेश पुढे जातो. हे औषध नसेत शिरून ती वाटच बंद करतं. पण सुजलेल्या जागी आम्लता वाढते आणि औषध नसेत नीट शिरत नाही. म्हणजे दुखेल म्हणून मी थांबलो आणि थांबलो म्हणूनच जास्त दुखलं!

काही गोष्टी लक्षात ठेवा. गार पाण्याची कळ लगेच न जाता रेंगाळली, तर दाखवून घ्या. अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवू नका, हिरडी भाजते. अँटिबायोटिक ही दुखण्यावरची गोळी नव्हे. मनाने घेऊ नका. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा अल्सर, किडनीचा त्रास असेल, तर वेदनाशामक घेण्याआधी डॉक्टरांना सांगा. इंजेक्शननंतर दोन-तीन तास मुलांवर लक्ष ठेवा. ती बधिर ओठ चावतात.

मागच्या महिन्यात सहा वर्षांच्या लेकीला नेलं, काही दुखत नसतानाच. खुर्चीत बसल्यावर तिने आधी डावा हात वर करून पाहिला. डॉक्टर खरंच थांबले. मग तिने तोंड उघडलं.