वेदना परतली, तरी औषध शरीरातच : अफूजन्य वेदनाशामकांच्या मुक्कामाचे गणित

तीव्र वेदनेवर डॉक्टरांच्या चिठ्ठीने दिल्या जाणाऱ्या मॉर्फिन, कोडीन, ट्रॅमाडॉल, फेंटानिल यांसारख्या अफूजन्य अथवा अफूसदृश वेदनाशामकांचा परिणाम काही तासांत ओसरतो. मात्र वेदना परतली म्हणजे औषध शरीराबाहेर गेले, असे नसते. या दोन घटनांमधील अंतर ध्यानात न घेता पुढची गोळी वेळेआधी घेतली गेल्यास आधीच्या मात्रेवर नवी मात्रा साचते आणि श्वसन मंदावून रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

या धोक्याचे सर्वाधिक ठळक उदाहरण अमेरिकेतील मेथाडोन या औषधाचे आहे. मेथाडोनच्या एका मात्रेने साधारण ४ ते ८ तास आराम मिळतो. शरीरातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास मात्र ८ पासून ५९ तासांपर्यंत कितीही वेळ लागू शकतो. वेदनेसाठी हे औषध घेणाऱ्या रुग्णांचे मृत्यू झाल्याच्या नोंदी आल्यानंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २००६ मध्ये जाहीर इशारा देऊन नेमक्या याच तफावतीकडे लक्ष वेधले. तेथील रोगनियंत्रण केंद्राने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार, २००९ साली अफूसदृश वेदनाशामकांच्या एकूण चिठ्ठ्यांपैकी केवळ २ टक्के चिठ्ठ्या मेथाडोनच्या होत्या. परंतु अशा औषधांच्या अतिमात्रेमुळे झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे ३० टक्के मृत्यूंशी त्याचा संबंध होता.

अर्धायुकाल म्हणजे काय?

औषधाचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येण्यास लागणाऱ्या कालावधीला अर्धायुकाल म्हणतात. एक अर्धायुकाल लोटल्यावर ५० टक्के, दोन लोटल्यावर २५ टक्के आणि पाच लोटल्यावर सुमारे ३ टक्के औषध उरते. त्यामुळे पाच अर्धायुकालांनंतर औषध शरीरातून जवळजवळ नाहीसे झाले, असे मानण्याचा प्रघात आहे. मॉर्फिनचा अर्धायुकाल साधारण २ ते ३ तास, कोडीनचा सुमारे ३ तास, तर ट्रॅमाडॉलचा सुमारे ६ तास असतो. या हिशेबाने मॉर्फिन १० ते १५ तासांत, तर ट्रॅमाडॉल साधारण ३० तासांत बाहेर पडते.

नियमित मात्रा सुरू असताना हे गणित बदलते. अर्धायुकाल ३ तासांचा असलेले औषध दर ४ तासांनी घेतल्यास शरीरातील साठा पावणेदोन मात्रांच्या आतच स्थिरावतो. याउलट २४ तासांचा अर्धायुकाल असलेले औषध दर ८ तासांनी घेत राहिल्यास काही दिवसांत हा साठा जवळजवळ पाच मात्रांएवढा होतो. रुग्ण प्रत्येक वेळी एकच गोळी घेत असतो. शरीर मात्र पाच गोळ्यांचा भार वाहत असते. म्हणूनच अशा औषधाचा धोका पहिल्या दिवसापेक्षा तिसऱ्या-चौथ्या दिवशी अधिक असू शकतो.

प्रत्येक शरीराचा वेग निराळा

ही औषधे मुख्यतः यकृतात रूपांतरित होतात आणि मूत्रपिंडांवाटे उत्सर्जित होतात. मॉर्फिनपासून यकृतात तयार होणारा एक घटक स्वतःही प्रभावी वेदनाशामक असतो. मूत्रपिंडे दुर्बल असल्यास तो साचत जातो आणि एरवी सुरक्षित असलेली मात्राही जड ठरते. वृद्धापकाळ व यकृताचे विकार यांमुळेही औषधाचा मुक्काम लांबतो.

कोडीनची गोष्ट याहून निराळी आहे. त्याचा काही अंश शरीरात मॉर्फिनमध्ये रूपांतरित होतो आणि वेदनाशमन प्रामुख्याने त्यामुळेच होते. हे रूपांतर काही व्यक्तींमध्ये आनुवंशिक कारणांमुळे अतिशय वेगाने, तर काहींमध्ये जवळजवळ होतच नाही. एकाच मात्रेने एकाला गुंगी येते आणि दुसऱ्याला कसलाही आराम पडत नाही, त्याचे हे एक कारण. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये १२ वर्षांखालील मुलांसाठी वेदनेवर कोडीन व ट्रॅमाडॉल वर्ज्य ठरवले, तसेच स्तनदा मातांनी ती घेऊ नयेत असे सांगितले.

औषध कोणत्या स्वरूपात दिले जाते, यावरही बरेच अवलंबून असते. संथपणे विरघळणाऱ्या गोळ्या १२ तासांसाठी बनवलेल्या असतात. त्या चावल्या वा कुटल्या तर संपूर्ण मात्रा एकदम रक्तात उतरते. फेंटानिलची पट्टी साधारण ७२ तास त्वचेवर ठेवली जाते. ती काढल्यानंतरही त्वचेखाली साठलेले औषध रक्तात मिसळत राहते आणि त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास सुमारे १७ तास किंवा त्याहून अधिक काळ लागतो. पट्टीवर शेक घेतल्यास किंवा रुग्णाला मोठा ताप आल्यास औषध शोषले जाण्याचा वेग वाढतो.

तपासणीत किती काळ आढळते?

परिणाम ओसरणे, औषध रक्तातून जाणे आणि तपासणीत न आढळणे हे तीन स्वतंत्र टप्पे आहेत. लघवीच्या तपासणीत बहुतेक अल्पकालीन अफूजन्य औषधे साधारण १ ते ३ दिवस आढळतात. मेथाडोन त्याहून अधिक दिवस, तर केसांमध्ये औषधांच्या खुणा सुमारे ९० दिवसांपर्यंत सापडू शकतात. अफूच्या नेहमीच्या प्राथमिक तपासणीत फेंटानिल, ट्रॅमाडॉल आणि मेथाडोन सहसा आढळत नाहीत. त्यांच्यासाठी स्वतंत्र चाचणी करावी लागते. उलटपक्षी, आहारातील खसखशीमुळेही लघवीत मॉर्फिन दिसू शकते. याच कारणास्तव अमेरिकेत १९९८ मध्ये कर्मचाऱ्यांच्या चाचणीची मर्यादा प्रतिमिलिलिटर ३०० नॅनोग्रॅमवरून २००० नॅनोग्रॅमपर्यंत वाढवण्यात आली.

खेळाडूंसाठीही हा विषय महत्त्वाचा आहे. जागतिक उत्तेजकद्रव्यविरोधी संस्थेने १ जानेवारी २०२४ पासून ट्रॅमाडॉलवर स्पर्धाकालीन बंदी घातली आहे. त्यामुळे स्पर्धेपूर्वी काही काळ आधी घेतलेली गोळीही अडचणीची ठरू शकते.

उताराही अल्पजीवी

अतिमात्रेवर नॅलॉक्सोन हा प्रभावी उतारा आहे. मात्र त्याचा परिणाम साधारण ३० ते ९० मिनिटेच टिकतो आणि अनेक वेदनाशामके त्याहून दीर्घकाळ शरीरात राहतात. त्यामुळे शुद्धीवर आलेला रुग्ण पुन्हा बेशुद्ध होऊ शकतो. उतारा लागू पडला म्हणून त्याला लगेच घरी न नेता रुग्णालयात देखरेखीखाली ठेवणे आवश्यक असते. हाक मारूनही जागा न होणे, श्वास अतिशय मंद किंवा घरघर करणारा असणे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे आणि ओठ निळसर पडणे ही धोक्याची लक्षणे होत. ती दिसताच ‘झोपू द्या, उतरेल’ असे न म्हणता तातडीने रुग्णवाहिका बोलवावी.

भीती नव्हे, शिस्त

या धोक्यांचा अर्थ ही औषधे टाळावीत असा नाही. कर्करोगाच्या असह्य वेदनेत मॉर्फिनला आजही मोठे स्थान असून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश आहे. भारतात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात परवान्याने अफूची लागवड होते. तरीही अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यातील किचकट परवान्यांमुळे देशातील असंख्य रुग्णांपर्यंत मॉर्फिन पोहोचत नसे. २०१४ मधील दुरुस्तीने ‘अत्यावश्यक अमली औषधे’ हा वेगळा वर्ग निर्माण करून ही वाट काहीशी सुकर केली. दुसरीकडे, गैरवापर वाढल्याने एप्रिल २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल याच कायद्याच्या कक्षेत आणण्यात आले.

रुग्णाने आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्यांनी प्रत्येक मात्रेची वेळ लिहून ठेवावी. दोन मात्रांमध्ये वेदना परतल्यास स्वतःहून जादा गोळी न घेता डॉक्टरांना कळवावे; आवश्यकता भासल्यास ते मात्रा अथवा औषध बदलतात. या औषधांसोबत मद्य वा झोपेच्या गोळ्या घेतल्यास श्वसन मंदावण्याचा धोका वाढतो. दीर्घकाळ सुरू असलेले औषध एकाएकी बंद करणेही योग्य नव्हे. अस्वस्थता, घाम, जुलाब, अंगदुखी असा त्रास होऊ शकतो. तसेच काही दिवसांच्या खंडानंतर शरीराची सहनशक्ती घटलेली असते. अशा वेळी आधीची मोठी मात्रा पुन्हा तशीच घेणे प्राणघातक ठरू शकते. वेदना परतली हे औषध संपल्याचे प्रमाण नव्हे. म्हणून पुढची मात्रा केवळ दुखण्यावरून नव्हे, तर डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या वेळेनुसारच घ्यावी.