करंट येत नाही म्हणून लगेच कॉइल बदलू नका



पावसाने उघडीप दिली की फवारणीला आणि तण काढायला दोन-तीन दिवसच हाती असतात. नेमका तेव्हाच पाठीवरचा पेट्रोल पंप किंवा ग्रास कटर रुसतो. दोरी ओढून हात दुखतात, पण इंजिन काही धरत नाही. दुकानात नेलं की उत्तर ठरलेलं, "कॉइल गेली."

मागच्या आठवड्यात आपल्या एका सभासदाने नवी कॉइल बसवली, तरी पंप सुरू होईना. शेवटी बघितलं तर स्विचची वायर उंदराने कुरतडलेली! दोष वायरीचा, खर्च कॉइलचा, आणि फवारणीचे दोन दिवस गेले ते वेगळेच.

*आधी हे समजून घ्या*
या इंजिनांना बॅटरी नसते. दोरी ओढली की फ्लायव्हीलचं चुंबक कॉइलसमोरून फिरतं, करंट तयार होतो आणि प्लगवर ठिणगी पडते. स्टॉप स्विच हाच करंट इंजिनच्या बॉडीत उतरवतो, म्हणून इंजिन बंद पडतं. म्हणजे ती वायर सोलून बॉडीला टेकली, तर स्विच चालू असूनही इंजिन बंदच राहणार.

*काळजी*
तपासणी करताना पेट्रोलचा कॅन लांब ठेवा, टाकीचं झाकण घट्ट लावा, सांडलेलं पेट्रोल पुसा. विडी-काडी अजिबात नको. ग्रास कटरचं पातं मोकळं राहू द्या.

*तपासणी याच क्रमाने करा*

१) *स्विच:* चालू आहे ना? हसू नका, घाईत हेच राहून जातं. पॉवर वीडर असेल तर इंजिन ऑइलही बघा. काही इंजिनांत ऑइल कमी झालं की सेन्सर करंट तोडतो.

२) *प्लग काढून बघा:*
- ओला असेल तर पेट्रोल ओव्हर झालंय. प्लग पुसून वाळवा. स्विच बंद ठेवून, चोक उघडून, प्लगशिवाय ८-१० वेळा दोरी ओढा.
- काळा असेल तर ब्रशने कार्बन काढा. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल जास्त पडतंय का, तेही बघा. प्रमाण पुस्तिकेत दिलंय तेवढंच ठेवा.
- विटकरी-तपकिरी रंग चांगला.
- पांढऱ्या चिनी मातीला तडा असेल तर प्लग बदलाच.
- गॅप साधारण ०.६ ते ०.७ मि.मी. ठेवा.

३) *ठिणगी बघा:* प्लग टोपीत बसवा. त्याचा आटे असलेला भाग इंजिनच्या धातूला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब. तिथून पेट्रोलची वाफ येते. टोपी कोरड्या जाड कापडात धरा. स्विच चालू करून सावलीत दोरी जोरात ओढा. निळसर, ठसठशीत ठिणगी आली तर करंट ठीक आहे. मग कार्बोरेटर आणि एअर फिल्टरकडे वळा. पिवळट, बारीक किंवा काहीच नसेल, तर त्याच नंबरचा नवा प्लग लावून पुन्हा बघा. टोपी नुसती हवेत धरून दोरी ओढू नका, त्याने चांगली कॉइलही जाऊ शकते.

४) *स्विचची वायर सोडवा:* सर्वांत महत्त्वाची पायरी हीच. स्विचकडून येणारी बारीक वायर इंजिनजवळच्या जोडावर सोडवा. दोन असतील तर दोन्ही. टोकं बॉडीला लागू देऊ नका. आता ठिणगी आली तर कॉइल चांगली आहे, दोष वायर किंवा स्विचमध्ये आहे. वायर सोडलेली असताना इंजिन स्विचने बंद होणार नाही, म्हणून तसं कामाला नेऊ नका. चुकून सुरू झालंच तर चोक लावून बंद करा.

५) *कॉइलचा गॅप:* अजूनही ठिणगी नाही? कव्हर काढा. चुंबकावर आणि कॉइलच्या पायांवर गंज असेल तर पॉलिश पेपरने हलका घासा. कॉइलचे दोन्ही स्क्रू ढिले करा, मध्ये व्हिजिटिंग कार्ड घाला, चुंबक कॉइलला ओढून घेईल. स्क्रू आवळा, कार्ड काढा. गॅप साधारण ०.३ मि.मी. राहतो.

एवढं करूनही ठिणगी नसेल, तरच कॉइलवर संशय घ्या.

*गरम झाल्यावर बंद, थंड झाल्यावर चालू?*
बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण ढिलं करून दोरी ओढा. सुरू झालं तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय. नाही झालं तर झाकण पुन्हा घट्ट लावून गरम असतानाच ठिणगी बघा. सिलिंडर आणि सायलेन्सरला हात लावू नका. गरम असताना ठिणगी गायब आणि थंड झाल्यावर हजर, तर कॉइलच जात चालली आहे.

काम संपलं की पंप उंचावर, कोरड्या जागी ठेवा. एक जादा प्लग आणि प्लग पाना पिशवीत असू द्या. अडलं तर प्लगचा आणि वायरीचा फोटो याच नंबरवर पाठवा. कॉइल घ्यायच्या आधी पाठवा, नंतर नको!

– तुमचा कृषी सल्लागार