भागीचा हिशेब कोठे चुकतो?

देवणीची बैलजोडी, मग ती वानेरा असो की शेवरा, एकट्याच्या पैशांत घेणे प्रत्येकाला जमत नाही. समजा, तिघांनी भागीत जोडी घेतली आणि तोंडी ठरले: एकाचा निम्मा हिस्सा, दुसऱ्याचा तिसरा, तिसऱ्याचा पाव. ऐकायला ठीक वाटते. जोडी ६० हजारांना विकली की पहिला ३० हजार मागतो, दुसरा २० हजार, तिसरा १५ हजार. मागणी झाली ६५ हजारांची! वरचे ५ हजार कोणी द्यायचे? येथे जुने स्नेहसंबंध तुटतात, आणि लबाडी तर कोणीच केलेली नसते.

चूक बेरजेची आहे. १/२, १/३ आणि १/४ हे वेगवेगळ्या मापांचे तुकडे. एका मापाचे केल्याशिवाय ते मिळवता येत नाहीत. २, ३ व ४ या तिन्हींनी भाग जाणारी लहानात लहान संख्या १२. म्हणून हिस्से झाले ६/१२, ४/१२ व ३/१२, आणि बेरीज १३/१२. बारा भागांतून तेरा वाटले गेले. पावकी, निमकी, पाउणकी पाठ असलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांनी हे बोटांवर पकडले असते.

वारसाहक्कातही असा प्रसंग येतो. पतीचा १/२ आणि दोन सख्ख्या बहिणींचे मिळून २/३, म्हणजे ७/६. सुन्नी फिकहमध्ये तेथे ‘औल’ करून सहाऐवजी सात भाग धरतात. पतीला ३, बहिणींना ४. व्यापारात मात्र हा नियम आपोआप लागत नाही. तेरा भाग करायचे की तिसऱ्याचा हिस्सा १/६ धरायचा, हे खरेदीच्या दिवशीच कागदावर लिहून घ्यावे.

दुसरा घोटाळा कॅल्क्युलेटरचा. टेम्पोभाडे १,५०० रुपये आणि कडब्याच्या ४० पेंढ्या, प्रत्येकी २५ रुपये. १५०० + ४० × २५ असे दाबले की दुकानातले साधे यंत्र ३८,५०० दाखवते, कारण ते येईल तसे करीत जाते. मोबाइल बहुधा २,५०० दाखवतो आणि तेच बरोबर, कारण गुणाकार आधी, बेरीज नंतर.

शाळेतले ‘कंचेभागुबेव’ अनेकांना आठवत असेल. त्यातही एक खोच आहे. बेरीज व वजाबाकी समान दर्जाच्या. डावीकडून जी आधी येईल ती आधी. १००० − २०० + ५० म्हणजे ८५०, ७५० नव्हे. भागाकार-गुणाकाराचेही तसेच. साध्या यंत्रावर ४० × २५ आधी दाबून मग १५०० मिळवावेत. गुणाकार दोन-तीन असतील तर प्रत्येकाचे उत्तर वहीत मांडून शेवटी बेरीज करावी.