गाणं आवडीचं, पण पट्टी कोणाची? मोबाइलवर कव्हर साँग रेकॉर्ड करण्याआधी हे समजून घ्या

महाड : कराओके ट्रॅक डाउनलोड करायचा, कानात इअरफोन घालायचे आणि गायला सुरुवात करायची. कव्हर साँग रेकॉर्ड करायला आता महाड किंवा पोलादपूरहून मुंबई-पुण्याच्या स्टुडिओत जावं लागत नाही. तरीही अनेकांची तक्रार एकच असते : मुखडा छान जमतो, अंतरा आला की आवाज फाटतो. बहुतेक वेळा दोष गळ्याचा नसतो, पट्टीचा असतो.

मूळ पट्टी आपल्याला का झेपत नाही?

कराओके ट्रॅक मूळ गायकाच्या पट्टीत बनवलेला असतो. ती पट्टी त्या गायकाच्या गळ्यासाठी निवडलेली असते, आपल्या नाही.

शिवाय आपल्याकडची बरीच गाणी माइक नसलेल्या काळातून आली आहेत. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ 1880 मध्ये रंगभूमीवर आलं, तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवायला नटाच्या गळ्याशिवाय दुसरं साधन नव्हतं. म्हणून चढी पट्टी. पोवाड्याचंही तेच. पोलादपूर तालुक्यातल्या उमरठचे तानाजी मालुसरे ज्या पोवाड्यांतून घरोघरी पोहोचले, ते शाहिरांनी उघड्या मैदानात गायले. मोबाइलचा माइक मात्र हातभर अंतरावरचा हलका आवाजही नीट टिपतो. त्यामुळे घरात रेकॉर्ड करताना मैदानातली पट्टी धरायची गरज नाही.

आपली पट्टी कशी शोधायची?

तानपुऱ्याचं किंवा पेटीचं कोणतंही मोफत अ‍ॅप पुरेसं आहे. सकाळी उठल्याउठल्या नको. गळा थोडा मोकळा झाल्यावर करा.

1. एकेक सूर खाली उतरत जा. जिथे आवाज नुसता घरघरतो, त्याच्या दोन सूर वरचा सूर लिहून ठेवा.

2. तसेच वर जा. मान ताणली गेली किंवा ओरडावं लागलं की थांबा. त्याच्या दोन सूर खालचा सूर लिहा.

3. या दोन सुरांमधल्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्या मोजा. हा तुमचा सुखाचा पल्ला.

आता गाण्याचा पल्ला बघा. समजा गाणं मंद्र पंचमापर्यंत उतरतं आणि अंतऱ्यात तार गंधारापर्यंत चढतं. मंद्र पंचमापासून मध्य षड्जापर्यंत 5, तिथून तार षड्जापर्यंत 12 आणि पुढे शुद्ध गंधारापर्यंत 4, म्हणजे एकूण 21 पट्ट्यांचा पल्ला झाला. तुमचा पल्ला 18 असेल, तर कोणतीही पट्टी घेतली तरी वर किंवा खाली ओढाताण होणारच. अशा वेळी दुसरं गाणं निवडणं शहाणपणाचं.

पल्ला पुरत असेल तर हिशेब सोपा आहे. तुमचा वरचा सुखाचा सूर पांढरी चार असेल आणि गाण्यातला सर्वांत वरचा सूर तार गंधार असेल, तर पांढरी चारपासून 4 पट्ट्या खाली या. काळी एक मिळते. तीच तुमची या गाण्यासाठीची पट्टी. दुसऱ्या गाण्यासाठी ती वेगळी असू शकते.

ट्रॅकची पट्टी बदलता येते का?

येते. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये वेग तोच ठेवून पट्टी बदलण्याची सोय आहे. पण ट्रॅक दोन-तीन पट्ट्यांपेक्षा जास्त सरकवला की ढोलकी-तबल्याचा आवाज बदललेला लगेच जाणवतो. पुरुषाने स्त्रीचं गाणं गायचं किंवा उलट असेल, तर फरक बऱ्याचदा त्याहून मोठा असतो. तिथे ट्रॅक सोडा. पेटी आणि तबल्यावर किंवा नुसत्या तानपुऱ्यावर गा.

सूर दुरुस्त करणारी अ‍ॅप जरासा घसरलेला सूर जागेवर आणतात. ताणलेला आवाज मात्र ती मोकळा करू शकत नाहीत.

घरात रेकॉर्डिंग कसं करावं?

इअरफोन वायरचेच घ्या : ब्लूटूथमध्ये आवाज साधारण 0.1 ते 0.2 सेकंद उशिरा पोहोचतो. मिनिटाला 120 ठोक्यांच्या लयीत एक ठोका 0.5 सेकंदाचा असतो. म्हणजे 0.2 सेकंदांचा उशीर झाला तर तुम्ही जवळजवळ अर्धा ठोका मागे पडता.

ट्रॅक स्पीकरवर लावू नका : तो माइकमध्ये शिरला की नंतर आवाजापासून वेगळा करणं कठीण. ट्रॅक कानात, रेकॉर्डिंगमध्ये फक्त आवाज.

फोन वीतभर अंतरावर : तोंडासमोर नको, किंचित बाजूला ठेवा. ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणतानाचा वारा थेट माइकवर आदळत नाही. चढ्या सुराला मान थोडी मागे घ्या. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा.

खोली भरलेली हवी : रिकाम्या, फरशी-टाइल्सच्या खोलीत आवाज घुमतो. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट आणि मागे टांगलेल्या दोन-तीन गोधड्या एवढ्यानेही फरक पडतो.

पावसाचं गणित ठेवा : जून ते सप्टेंबरमध्ये पत्र्याच्या छपराखाली रेकॉर्डिंग जवळपास अशक्य. उघडीप बघा किंवा स्लॅबखालची आतली खोली निवडा. हायवेलगत राहणाऱ्यांनी मुंबई-गोवा महामार्गावरची वर्दळ कमी असलेली वेळ पकडावी. गाण्याआधी 10 सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा. पंख्याची किंवा फ्रीजची घरघर काढताना सॉफ्टवेअरला हाच नमुना लागतो.

अपलोड केलं तर कायदा काय म्हणतो?

घरात गाण्याला अडचण नाही. हौशी मंडळाने तिकीट न लावता श्रोत्यांसमोर गाणं सादर केलं, तर त्यालाही कॉपीराइट कायद्यात (1957) सवलत आहे. इंटरनेटवर टाकणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे.

एका गाण्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण असे तीन वेगवेगळे हक्क असतात. शब्द आणि चालीचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. ग. दि. माडगूळकर 1977 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क 2037 संपेपर्यंत आहे. तुकोबांचे अभंग सर्वांचे आहेत. पण त्यांना विसाव्या शतकात एखाद्या संगीतकाराने लावलेली चाल मोकळी असेलच असं नाही. कराओके ट्रॅकवरही तो बनवणाऱ्याचा वेगळा हक्क असतो.

2012 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 31क मध्ये कव्हरसाठी परवान्याची तरतूद आहे. त्यासाठी मूळ मुद्रणानंतर 5 वर्षं जावी लागतात, आगाऊ सूचना द्यावी लागते आणि वर्षाला किमान 50,000 प्रतींची रॉयल्टी भरावी लागते. हौशी गायकाला हे परवडणारं नाही.

यूट्यूबवर प्रत्यक्षात दोन गोष्टी घडतात. ‘क्लेम’ आला तर व्हिडिओ बहुधा राहतो, जाहिरातीचे पैसे हक्कदाराला जातात. काही वेळा तो ब्लॉकही होतो. ‘स्ट्राइक’ गंभीर असतो. 90 दिवसांत असे तीन आले तर चॅनल बंद होऊ शकतं.

नाव द्यायला पैसे लागत नाहीत

20 मार्च 1927 च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या स्मरणार्थ दरवर्षी महाडमध्ये भीमगीतं घुमतात आणि ती मोबाइलवरून पुढे जातात. त्यांतली अनेक गाणी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेल्या वामनदादा कर्डक यांच्यासारख्या लोककवींची. गाणं पसरतं, पण त्याखाली गायकाचं नाव असतं आणि कवीचं राहून जातं. नाव दिल्याने परवाना मिळत नाही, हे खरं. पण गीतकार, संगीतकार आणि मूळ गायक ही तीन नावं डिस्क्रिप्शनमध्ये लिहायला दोन मिनिटं लागतात.

शेवटचं गळ्याबद्दल. एका बैठकीत तीन-चार टेकपेक्षा जास्त ओढू नका आणि मध्येमध्ये पाणी प्या. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला, तर काढा घेत न बसता कान-नाक-घसातज्ज्ञांना दाखवा.